बैलांपायी संपलेलं नेट

"वापर जास्त हाय." मी फक्त एवढे तीन शब्द बोललो होतो आणि त्यातला एकही खोटा नव्हता. पण त्या तीन शब्दांनी माझ्या सुनेचा फोन गेला, अभ्यास थांबला आणि आमच्या गल्लीत 'फोनच्या नादाला लागलेली' असं नाव तिला पडलं. त्या नावाचा खरा धनी मी होतो. विहारात मी हे उभं राहून सांगितलेलं आहे. तरी त्या रविवारी जे आले नव्हते, त्यांच्यापर्यंत गोष्ट अर्धीमुर्धी पोचली, आणि अजूनही कुणीतरी तिला नळावर हसून काहीतरी विचारतं. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहून ठेवतो.

मी गुरांच्या सरकारी दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होतो. हुद्दा काहीही असो, लोक डॉक्टरच म्हणत. नायगाव झालं, मुखेड झालं, शेवटची वर्षं शिरूर अनंतपाळला काढली. आडवं आलेलं वासरू सरळ करायला खांद्यापर्यंत हात घालायचा, फुगलेल्या बैलाचं पोट उतरेपर्यंत त्याच्याजवळ बसून राहायचं, अशी ती नोकरी. आमच्याकडची लाल कंधारी आणि तिकडची देवणी, या दोन जातींची जनावरं मी इतकी हाताळली की नुसत्या पाठीवरून हात फिरवून वय सांगायचो. लोक जोडी घ्यायच्या आधी मला बाजारात घेऊन जात. मी बैलाचा जबडा उघडायचो, दात बघायचो, खूर उचलायचो आणि मान हलवायचो. माझी मान हलली तरच सौदा व्हायचा.

निवृत्त झाल्यावर मुखेडला घर बांधलं. तीन वर्षांपूर्वी बायको गेली. मुलगा लातूरला डाळमिलमध्ये मशीनवर आहे. शनिवारी संध्याकाळी येतो, सोमवारी पहिल्या बसनं जातो. म्हणजे घरात आठवडाभर मी, सून आणि शाळेत जाणारी नात. सुनेनं लग्नाआधी नर्सिंगचा कोर्स केलेला आहे. आरोग्यसेविकेच्या भरतीची परीक्षा द्यायची, असं तिच्या मनानं घेतलं. लातूरच्या एका क्लासची ऑनलाइन शिकवणी लावली. नात शाळेत गेली की दुपारी दोन वाजता ती माजघरात भिंतीला टेकून बसायची, मांडीवर वही आणि समोर डब्याला टेकवलेला फोन. तिच्या फोनला दिवसाला ठराविक नेट मिळायचं. क्लासला ते पुरून उरायचं.

मलाही मुलानं त्याचा जुना फोन दिला होता. पण त्यात मी नुसतं बोलण्यापुरतं रिचार्ज मारायला लावलं. "मला नेट-बिट नको. ज्या घरात नेट शिरलं त्या घरातलं बोलणं गेलं," असं मी चार लोकांत सांगत असे. ऐकणारे माना डोलवायचे. मला ते आवडायचं.

नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. पूर्वी बँकेत जाऊन सही करायचो. आता फोनवर चेहरा दाखवूनही होतं, असं सुनेनं कुठंतरी वाचलं. तिनं माझा फोन घेतला, तिच्या फोनवरचं हॉटस्पॉट सुरू केलं, म्हणजे तिच्या फोनचं नेट माझ्या फोनला जोडून दिलं, आणि मला खिडकीच्या उजेडात बसवलं.

"मामा, डोळे मिटा. आता उघडा. हसू नका."

"हसत न्हाई, माय. माझं तोंडच असं हाय."

दाखला निघाला. ती स्वयंपाकाला लागली आणि हॉटस्पॉट बंद करायचं विसरली. मी फोन हातात घेऊन बसलो होतो. बोट कुठंतरी लागलं आणि समोर एक व्हिडिओ सुरू झाला. कुठल्यातरी जनावरांच्या बाजारात एक माणूस लाल कंधारी बैल चालवून दाखवत होता. गडद लाल रंग, डोळ्याभोवती काळी कडा, रुंद कपाळ. मालक ओरडून सांगत होता, "चार दाती हाय, चार दाती!" मी फोन डोळ्याजवळ आणला. बैल चार दाती नव्हता, सहा दाती होता, म्हणजे सांगितल्यापेक्षा वयानं मोठा. मी एकटाच खोलीत मोठ्यानं म्हणालो, "खोटं बोलतो!"

कितीतरी वर्षांत मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन उघडला तर नेट नव्हतं. सुनेचा फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावलेला असायचा. आदल्या दिवशी तिनं कुठं दाबलं ते मी पाहिलं होतं. ती आत भाकरी थापत होती. मी वरून बोट ओढलं, ती खूण दाबली आणि आपल्या खोलीत जाऊन बसलो. तेव्हापासून रोज तेच. पाचला उठायचं, तिचा फोन उघडायचा, माझी बैलं लावायची, आणि सात वाजता ती फोन घ्यायला यायच्या आत हॉटस्पॉट बंद करून ठेवायचं. ज्या माणसानं सरकारी औषधाची बाटली कधी घरी आणली नाही, तो माणूस रोज सकाळी स्वतःच्या सुनेच्या फोनपाशी चोरपावलानं जात होता.

चोरी किती मोठी आहे हे मला कळत नव्हतं, हेही खरं आहे. व्हिडिओची गुणवत्ता कमी-जास्त करता येते हे मला एका सकाळी सापडलं. कमीवर बैलाचे दात नुसता पांढरा पट्टा दिसत. सगळ्यात वरच्या आकड्यावर नेलं की दात न् दात मोजता येई, खुराची भेग दिसे. मी तो आकडा वरच ठेवला. दात न बघता बैल बघणं माझ्या हाडात नाही. शिवाय एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू व्हायचा, शेतातली मोटर ऑटोवर टाकल्यासारखा. मी आंघोळीला जायचो तेव्हाही खोलीत बैलं चालतच असायची. ऑटोवर टाकलेली मोटर विहीर कोरडी करते हे मी शेतकऱ्यांना स्वतः सांगितलेलं आहे. पण हे पाणी कुठल्या विहिरीतून येतंय, याचा विचार मी केला नाही.

महिन्याभरात सुनेच्या लक्षात आलं. दुपारी दोनला क्लास सुरू व्हायचा आणि दहा मिनिटांत चित्र थांबायचं, शिकवणाऱ्या बाईंचं तोंड उघडंच राहायचं.

"सकाळीच नव्वद टक्के संपलं म्हणून मेसेज येतोय," ती म्हणायची. "मी तर फोन हातातसुद्धा धरला न्हाई."

तिनं काय काय केलं! व्हॉट्सअ‍ॅपवर आपोआप उतरणारे फोटो बंद केले. नातीचे खेळ काढून टाकले. नातलगांच्या ग्रुपमधून बाहेर पडली, त्यावरून तिची मावसबहीण रुसली ती निराळीच. कॅलेंडरच्या मागच्या बाजूला रोज किती वाजता नेट संपलं ते लिहू लागली. तरी नेट संपायचं. मग वरचा छोटा पॅक मारावा लागे, आणि तो मारायला मुलाला फोन करावा लागे. एकदा तिनं मला सरळ विचारलं.

"मामा, तुमच्या फोनला कधी नेट चालू दिसलं का हो?"

"न्हाई, माय. मला काय करायचंय नेट?"

पहिलं खोटं ते. त्यावेळी ते लहान वाटलं.

मुलगा शनिवारी यायचा आणि रविवारी त्यावरून बोलणं व्हायचं. "क्लास दीड तासाचा. मग बाकीचं जातं कुठं? रील बघत बसत असशील." ती म्हणायची, "न्हाई बघत." तो म्हणायचा, "मग काय नेटला पाय फुटले?" शेवटी एका रविवारी तो मला म्हणाला, "दादा, तुम्ही जरा दुकानात दाखवून आणा फोन. तुमच्यासमोर तो खोटं बोलणार न्हाई."

बाजारपेठेतला मोबाईल दुरुस्तीवाला माझ्या ओळखीचा. त्याच्या घरची म्हैस मी एकदा वाचवली होती. त्यानं फोन उलटासुलटा केला.

"डॉक्टरसाहेब, फोन ठणठणीत हाय. ह्याला काही आजार न्हाई."

"मग नेट कुठं जातंय?"

त्यानं सेटिंगमध्ये जाऊन एक यादी उघडली आणि फोन माझ्याकडे फिरवला. कुणी किती नेट खाल्लं ते तिथं पट्ट्या काढून दाखवलेलं होतं. क्लासची पट्टी बोटाएवढी. व्हॉट्सअ‍ॅपची नखाएवढी. आणि सगळ्यात वर, फोनच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, एक लांब पट्टी.

"हे बघा, हॉटस्पॉट. म्हंजी ह्या फोनचं नेट दुसरंच कुणीतरी ओढून राहिलंय. घरात अजून कुणाचा फोन हाय?"

माझा फोन माझ्या शर्टाच्या खिशात होता. मला तो गरम लागला.

"पाव्हणेरावळे येतात," मी म्हणालो.

"पाव्हणा दांडगा हाय मग!" तो हसला. "बाईंच्या चौपट जेवून राहिलाय. पासवर्ड बदलून देऊ का? फुकट काम हाय, दोन मिनिटांचं."

"नको, नको. राहू दे. मी घरी सांगतो."

घरापर्यंतच्या रस्त्यात मी खरं सांगायचं ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं. पण आत शिरलो तर मुलगा खाटेवर बसलेला, सून पिठाच्या हातानं दारात उभी, आणि दोघंही माझ्या तोंडाकडे बघत होते. बाजारात जोडी घेणारा आणि देणारा बघायचे तसेच. माझी मान कुठं हलते इकडे लक्ष.

"काय म्हणला?"

"फोन चांगला हाय म्हणला." मी चष्मा काढून डबीत ठेवला. "वापर जास्त हाय."

मुलगा सुनेकडे वळला. "आता बोल."

"मी फकस्त क्लास बघते."

"म्हंजी दुकानदार खोटा, दादा खोटे, तू एकटी खरी. कुणाला व्हिडिओ कॉल करून राहिलीस ते तरी सांग."

ती त्याच्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मी डबीचं झाकण लावत होतो. ते झाकण लावायला मी किती वेळ घेतला हे मला अजून आठवतं.

सोमवारी पहाटे मुलगा तिचा फोन घेऊन लातूरला गेला. तिला बटनांचा साधा फोन देऊन गेला. परीक्षेला दोन महिने होते.

याच्यावर मी आणखी एक केलं, आणि तेच मला सगळ्यात जड गेलं. आमच्याकडे रविवारी विहारात वंदना झाल्यावर कुणीतरी जाणत्यानं चार शब्द बोलायची पद्धत आहे. त्या आठवड्यात माझी पाळी होती. मुलींच्या शिक्षणावर बोलायचं ठरवून गेलो होतो. उभा राहिलो आणि तोंडातून फोनच आला. "आमच्याही घरात हा रोग शिरला होता," मी म्हणालो. "वेळीच औषध केलं." नाव घेतलं नाही. पण आमच्या घरात बाई एकच. चटईवर बसलेल्या सगळ्या बायांची डोकी एकदम तिच्याकडे वळली. तिनं मांडीवरच्या नातीचे केस नीट केले, पुन्हा नीट केले.

त्यानंतर नळावर एक बाई तिला म्हणाली, "काय गं, उतरला का रोग?" शब्द माझाच होता.

ती शेजारणीच्या दारात जाऊन बसू लागली. दुपारी तासभर शेजारीण फोन द्यायची. "लवकर उरक बाई, माझी मालिका सुरू होती," हे भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं. जेवढं कानावर पडेल तेवढं ती झरझर वहीत उतरवून घ्यायची. परीक्षा झाली, निकाल लागला. चुलीपुढून उठता उठता तिनं सांगितलं, "राहिलं मामा. थोडक्यात राहिलं."

"पुढल्या वेळी होईल," मी म्हणालो.

बैलं तर बंदच झाली होती. सकाळी पाचला जाग यायची, पाय बाहेरच्या खोलीत जायचे, आणि भिंतीवरचं मोकळं सॉकेट बघून परत फिरायचे. सात-आठ महिने असे गेले.

पुन्हा नोव्हेंबर आला. पुन्हा हयातीचा दाखला. आता घरात नेटचा फोन नव्हता. मुखेडच्या केंद्रावर गेलो तर यंत्र माझा अंगठा घेईना. जन्मभर दोऱ्या, साबण आणि औषधं. रेषा राहिल्यात कुठं? त्यांनी नांदेडला जायला सांगितलं. सून म्हणाली, "मी येते बरोबर, तुम्हाला एकट्याला कागद सुधरायचे न्हाईत." नातीला शेजारी ठेवून आम्ही एसटीनं नांदेडला गेलो. तिथल्या माणसानं चेहरा घेतला. डोळे मिटा, डोळे उघडा. "झालं बाबा. आणखी एक वर्ष जिवंत," तो गमतीनं म्हणाला.

परतीच्या बसला वेळ होता. स्टँडवरच्या बाकावर तिनं फडकं सोडलं. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. आधी मला दिलं. मग पिशवीतून वही काढली आणि एका हातात भाकरी धरून वाचायला लागली. शेजारणीच्या दारात बसून उतरवलेली तीच वही. अक्षर घाईचं, मध्येच ओळी सुटलेल्या, सुटलेल्या ठिकाणी नंतर भरायला जागा ठेवलेली. काही जागा अजून मोकळ्याच होत्या.

मी तोडलेला घास पुन्हा भाकरीवर ठेवला.

"माय, एक सांगायचं हाय."

"पाणी देऊ का?"

"न्हाई. तुझं नेट मी संपवत होतो."

तिला कळलंच नाही. "कोणतं नेट?"

मी सगळं सांगितलं. सकाळी पाच, चार्जिंगचा फोन, हॉटस्पॉट, दुकानदार, लांब पट्टी. सांगताना मी समोरच्या बसच्या चाकाकडे बघत होतो. तिनं वही मिटली. खूप हळू आवाजात विचारलं, "काय बघत होतात?"

तिला भलतीच भीती वाटली असावी. एकटा म्हातारा माणूस, बंद खोली.

"बैलं," मी म्हणालो.

"काय?"

"बैलं. लाल कंधारी. देवणी. बाजारातली."

पलीकडे पोतं घेऊन बसलेल्या बाईनं वळून आमच्याकडे पाहिलं. सून माझ्याकडे बघतच राहिली.

"बैलं?" तिचा आवाज चढला. "मामा, ह्यांनी माझ्यावर काय काय संशय घेतला. तुम्ही तिथंच उभे होतात. आन तुम्ही बैलाचे दात मोजून राहिले होतात?"

"चूक झाली, माय."

"चूक न्हाई. चूक एकदा होती. तुम्ही रोज सकाळी उठून करत होतात."

मी पुन्हा बसच्या चाकाकडे बघू लागलो.

"मागितलं असतं तर मी न्हाई म्हणले असते का?"

"लाज वाटली. नेट नको म्हणून एवढं बोलून बसलो होतो ना लोकांत."

"तुमची लाज राखायला माझी इज्जत घातली मग." तिनं फडक्याला गाठ मारली. माझ्या हातातली भाकरी तेवढी माझ्याकडे राहिली.

बस लागली. तिनं मला खिडकीची जागा धरून दिली आणि स्वतः दोन बाकं पुढे, त्या पोतंवाल्या बाईशेजारी जाऊन बसली. मुखेड येईपर्यंत मागे वळून बघितलं नाही. उतरल्यावर चालता चालता म्हणाली, "ह्यांना तुम्ही सांगायचं. मी एक शब्द बोलणार न्हाई. आन विहारातबी सांगायचं. जिथं माझं नाव काढलं, तिथंच."

"नाव न्हाई काढलं मी."

"सगळ्यांनी माझ्याकडंच बघितलं. ते काय मग?"

"सांगतो," मी म्हणालो.

ती रागानं भराभरा पुढे गेली. आणि मी तिच्या मागून चालत होतो तो, खरं सांगतो, हलका होऊन. अडलेली गाय सुटली की दवाखान्यातून घरी येताना हात लुळे पडलेले असत, अंगात त्राण नसे, पण चालणं सोपं वाटे. तसं चाललो.

शनिवारी मुलगा आला. चहाचा कप हातात असतानाच मी बोललो. त्यानं एकच विचारलं, "दुकानदारानं तुम्हाला सांगितलं होतं?"

"हाव."

कप खाली ठेवून तो आत गेला. मग बराच वेळ आतून सुनेचा आवाज येत राहिला, मोठा, न थांबता. लग्न होऊन आल्यापासून मी तिला इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. त्याचा आवाज मधूनच, खालच्या पट्टीत. मी बाहेर बसून ऐकलं. मला ते ऐकून बरं वाटलं. पुढच्या शनिवारी तिचा फोन घरी आला. नव्या काचेसकट.

रविवारी विहारात पाळी दुसऱ्याची होती, मी मागून घेतली. "मी इथं एक खोटं बोललो होतो," असं सुरू केलं आणि सगळं सांगून टाकलं. हॉटस्पॉट म्हणजे काय हे म्हाताऱ्यांना समजावून सांगावं लागलं. त्यामुळे माझ्या माफीत मध्येच तांत्रिक माहिती आली. शेवटी मी सुनेकडे बघून म्हणालो, "रोग मला झाला होता. औषध हिला पाजलं." मग एसटीतून निवृत्त झालेला माझा जुना मित्र मागून म्हणाला, "डॉक्टर, जोडी किती दाती होती ते तरी सांगा!"

सगळा विहार हसला. मीही हसलो. नळावरची ती बाई मात्र न हसता चटई गुंडाळायला लागली. सुनेनं पदर तोंडाला लावला होता. ती हसत होती की काय, ते मला दिसलं नाही.

दोन दिवसांनी तिनं मला माजघरात बोलावलं. मी म्हणालो, माझ्या पेन्शनीतून माझा वेगळा नेटचा पॅक मारतो. ती म्हणाली, "खामखा पैसे कशाला घालवता? नीट वापरलं तर एकात दोघांचं भागतं. बसा."

आणि तिनं मला शिकवलं. आपोआप पुढचा व्हिडिओ लागतो ते बंद कसं करायचं. गुणवत्तेचा आकडा खाली कसा आणायचा. आपण न बघताही आतल्या आत नेट ओढणारी अ‍ॅपं कशी रोखायची. हॉटस्पॉटला मर्यादा घालता येते. तेवढं झालं की ते आपलं आपण तुटतं. माझी पाळी तिनं ठरवून दिली: क्लास झाल्यावर, उरलेल्यातून. मी चुकलो की ती माझ्या बोटावर पेन मारायची.

"एवढ्या खालच्या आकड्यावर दात दिसत न्हाईत, माय."

"बैल दिसतो का न्हाई?"

बैल दिसत होता. धूसर, लाल, कडा विरलेला. पण चाल दिसत होती. आणि मला माझं मलाच नवल वाटलं, की चालीवरूनही मला बैल कळतो. दातांबद्दल मालक खोटं बोलू शकतो. पुढचा पाय टाकताना बैल किंचित अडखळला तर ते धूसर चित्रातही लपत नाही.

आता विहारातले म्हातारे वंदनेनंतर माझ्याभोवती फोन घेऊन बसतात. "डॉक्टर, माझंबी नेट गळून राहिलंय, बघा जरा." मी यादी उघडतो, लांब पट्टी कुणाची ते बघतो, आणि सगळ्यांसमोर वाचून दाखवत नाही. हळूच त्याच्याकडे फोन फिरवतो.

परवा लातूरला तिची परीक्षा झाली. मुलाला मिलमधून सुटी मिळाली नाही, म्हणून मी गेलो. केंद्राच्या फाटकाशी मुलींची गर्दी. आत फोन न्यायला बंदी. तिनं पर्समधून ओळखपत्र आणि पेन काढून घेतलं, आणि फोन माझ्या हातात दिला. बंद केला नव्हता. कुलूपही घातलं नव्हतं.

"किती वेळ लागंल?"

"दोन तास तर लागतील. सावलीत बसा. चहा प्या."

मी समोरच्या लिंबाखाली बसलो. तिचा फोन शर्टाच्या डाव्या खिशात, माझा उजव्या. बोट ओढून एक खूण दाबायची, एवढंच काम. हात एकदा खिशाकडे गेलाही. मी त्याच हातानं चहा मागवला. आजूबाजूला पोरींचे बाप, भाऊ, नवरे फोनमध्ये मान घालून बसले होते. मी रस्त्यावरून जाणारी माणसं बघत बसलो, त्यांच्या चाली बघत.

ती बाहेर आली तेव्हा तोंड घामानं भरलं होतं, पण चालताना पाऊल मोकळं पडत होतं.

"कसा गेला?"

"बरा गेला मामा. सगळं लिहिलं. काही मोकळं ठेवलं न्हाई."

मी फोन काढून दिला. ती भोळी नाही. तिनं तिथंच सेटिंग उघडून यादी बघितली. मग माझ्याकडे बघितलं.

"खरंच न्हाई लावली बैलं?"

"न्हाई."

बसमध्ये या वेळी ती माझ्या शेजारी बसली. गाडी लातूरच्या बाहेर पडल्यावर तिनं फोनवर बोट ओढलं, काहीतरी दाबलं, आणि माझ्या खिशातला फोन किणकिणला.

"घ्या, लावा तुमची बैलं," ती म्हणाली आणि खिडकीला डोकं टेकून डोळे मिटले. "पण आकडा खालीच ठेवा."